आपल्या पेठेचा बीआयडी कसा उभा करायचा: सोलापूरच्या दुकानदारांसाठी पहिल्यापासून

सोलापुरात वर्गणी काढायला कुणाला शिकवायला लागत नाही. गणपती असू दे, शिवजयंती असू दे, भीमजयंती असू दे, चार पोरं पावती पुस्तक घेऊन निघाली की संध्याकाळपर्यंत पेठेतनं पैसे जमा होतात आणि कुठलं दुकान किती देणार हे पण सगळ्यांना तोंडपाठ असतं. मग त्याच पेठेतला रोजचा कचरा, गाड्यांची दाटी, बंद पडलेला दिवा, साड्या घ्यायला आलेल्या बायकांसाठी नसलेलं बाथरूम, ह्यासाठी आपण तसंच एकत्र का येत नाही? जगातल्या बऱ्याच शहरांतले दुकानदार येतात, त्याची पद्धत ठरलेली आहे आणि तिला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, बोलताना बीआयडी. हे नाव पहिल्यांदाच ऐकताय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवी पेठ असो, चाटी गल्ली असो, टिळक चौक, मधला मारुती, अशोक चौक, तुमचा बाजार कुठलाही असू दे, पायऱ्या त्याच.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

एक ठराविक हद्द आखायची. त्या हद्दीतले दुकानदार किंवा जागामालक मत देऊन ठरवतात की आपण नेहमीच्या टॅक्सशिवाय थोडी जादा रक्कम देऊ. ती रक्कम फक्त त्याच हद्दीत खर्च होते आणि खर्च कुठं करायचा हे त्यांचंच मंडळ ठरवतं. शहराची पालिका मागं कायद्याचं बळ देते, म्हणून ह्याला सरकारी-खाजगी भागीदारी म्हणायचं.

सुरुवात कॅनडात झाली. टोरंटोमध्ये ब्लूर स्ट्रीटच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक नवीन मॉल आणि भुयारी रेल्वेमुळं कमी व्हायला लागलं. तिथं आधी वर्गणीच चालायची, आणि वर्गणीचं जे होतं तेच झालं, चार जण देणार आणि फायदा सगळ्यांना. मग त्यांनी सरकारकडनं कायदा करून घेतला की हद्दीतल्या प्रत्येकानं द्यायचं, आणि १९७० साली ब्लूर वेस्ट व्हिलेज उभं राहिलं. पहिली कामं एकदम साधी होती, दिवे, झाडं, बसायला बाकडी. न्यूयॉर्कमध्ये पहिला बीआयडी युनियन स्क्वेअरला १९८४ साली झाला, आता तिथं पंच्याहत्तरच्या वर आहेत. पैसे शहराची पालिकाच टॅक्सच्या बिलाबरोबर गोळा करते आणि बीआयडीला देऊन टाकते. इंग्लंडमध्ये २००३ साली कायदा झाला आणि २००५ मध्ये किंग्स्टनला पहिला सुरू झाला.

इंग्लंडचा नियम मला सगळ्यात पटतो. टपालानं मतदान होतं आणि दोन्ही बाजूंनी बहुमत लागतं. मत देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त दुकानं ‘हो’ म्हणायला पाहिजेत, आणि त्या ‘हो’वाल्यांच्या जागांचं करपात्र मूल्य पण ‘नाही’वाल्यांपेक्षा जास्त पाहिजे. म्हणजे मोठ्या शोरूमवाल्यांनी ठरवलं आणि बारक्यांच्या गळ्यात मारलं असं होत नाही, आणि बारक्यांनी मिळून मोठ्यांच्या खिशात हात घातला असं पण होत नाही. वर मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. ५ वर्षं झाली की परत मत, पास झालं तरच पुढं.

वर्गणीत आणि बीआयडीत फरक हाच आहे बघा: मत, हिशोब आणि मुदत. पैसे गोळा करायची ताकद आपल्याकडं आहेच, ह्या तीन गोष्टी नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्या तीन गोष्टी आणायसाठीच आहेत.

आपल्याकडं कायदा आहे का?

बीआयडीचा म्हणून कायदा आपल्याकडं नाही. म्हणजे पालिका तुमच्या घरपट्टीच्या बिलात तुमच्या पेठेची जादा रक्कम लावून वसूल करून देणार नाही, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यावर जबरदस्ती करता येणार नाही. हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका, नाहीतर कुणीतरी उठून विचारणारच की ओ, तुम्हाला टॅक्स लावायचा अधिकार दिला कुणी.

पण हातपाय बांधलेले नाहीत. संस्था रजिस्टर करता येते, पालिकेबरोबर सामंजस्य करार करता येतो, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेला पैसा, घेता येतो. मुंबईत १९९७ च्या सुमाराला एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणून सुरू झालं, त्यात गल्लीतल्या रहिवाशांनी समिती करून कचऱ्याचं आणि साफसफाईचं काम पालिकेच्या वॉर्ड ऑफिसबरोबर मिळून बघायचं. मुंबईतच काळा घोडा भागात १९९८ साली असोसिएशन झाली, तिनं दरवर्षी फेस्टिवल भरवला आणि त्यातनं आलेल्या पैशातनं त्या भागातल्या जुन्या इमारती-वास्तूंची डागडुजी केली. दोन्हीकडं बीआयडीचा कायदा नव्हता.

सोलापुरात हे आत्ताच करायला पाहिजे असं मला वाटतं त्याचं कारण पण सांगतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी आली त्यात सोलापूर ९ वं होतं. अशा मिशनमध्ये पैसा येतो तो बांधायला, रस्ता, दिवे, फुटपाथ, आणि ते मिशन मार्च २०२५ ला संपलं. बांधलेलं रोज राखायचं कुणी, हा प्रश्न कुठल्याही शहरात मागं उरतोच, आणि बीआयडीचं मूळ काम तेच आहे. रोजचं राखणं.

हद्द छोटी घ्या

सगळी नवी पेठ घेऊ नका. एक गल्ली, एका चौकापासनं दुसऱ्या चौकापर्यंत, साधारण ८० ते १२० दुकानं. एका माणसाला पायी फिरून दहा मिनिटात सगळं बघता आलं पाहिजे. हद्दीचा नकाशा हातानं काढा, चालतो, पण कुठल्या दुकानापासनं कुठल्या दुकानापर्यंत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू का एकच हे लिहून काढा, कारण भांडणं कायम कडेच्या दुकानावरनं होतात.

यादीत सगळे आले पाहिजेत

ह्या पायरीवर घाई करू नका, आठवडे लागले तर लागू द्या. वहीत चार याद्या करा.

पहिली, दुकान चालवणारे. दुसरी, जागेचे मालक. आपल्या जुन्या पेठांत कितीतरी दुकानं पागडीची आहेत, मालक पुण्याला नाहीतर हैदराबादला आणि दुकान तिसरी पिढी चालवतीय, मग द्यायचं कुणी? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालकावर आकारणी होते, इंग्लंडमध्ये जागा वापरणाऱ्यावर. आपल्याकडं जो रोज शटर उघडतो त्यानं द्यायचं आणि मत पण त्यालाच, असं ठेवलं तरच काम पुढं सरकेल. मालकाला नुसतं पत्र देऊन कळवा.

तिसरी यादी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लोकांची. रात्री गल्लीत तेच असतात, त्यामुळं दिवा, पाणी, आवाज ह्याच्यावर त्यांना बोलायचा हक्क आहे. त्यांच्याकडनं पैसे मागू नका, पण मंडळात एक जागा द्या. न्यूयॉर्कच्या कायद्यात पण मंडळावर मालकांबरोबर भाडेकरू दुकानदार, राहणारे लोक आणि शहर सरकारचे प्रतिनिधी ठेवावेच लागतात.

चौथी यादी हातगाडीवाले, पाटीवाले, फुटपाथवर बसणारे. ह्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बीआयडीवर जगभर जी टीका होते ती मुख्य ह्याच्यावरच. खाजगी गार्ड ठेवायचे आणि गरीब माणसाला, फेरीवाल्याला, बेघराला हद्दीबाहेर हाकलायचं आणि वर म्हणायचं रस्ता स्वच्छ झाला. बऱ्याच शहरांत हे झालंय आणि ते चुकीचंच आहे. आपल्याकडं तर कायद्यानंच बसत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, सर्व्हे होऊन विक्री प्रमाणपत्र दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि हलवायचं झालं तरी ३० दिवसांची नोटीस लागते, ती पण पालिकेनं द्यायची, दुकानदारांच्या मंडळानं नाही. पालिकेच्या नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांना.

म्हणून मी म्हणतो त्यांना पहिल्या दिवसापासनं आत घ्या. संक्रांतीच्या बाजारात, रमजानमध्ये, लग्नसराईत रस्त्यावरची गर्दी जेवढी दुकानांमुळं असते तेवढीच ह्यांच्यामुळं पण असते. त्यांच्याकडनं महिन्याला नाममात्र रक्कम घ्या, पावती द्या, मंडळावर त्यांनीच निवडलेले दोघं घ्या, आणि गाडी कुठं लावायची, दुकानाचं तोंड किती मोकळं सोडायचं, कचरा कशात टाकायचा हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. हप्ते दिल्यापेक्षा पावतीचे पैसे द्यायला तो माणूस कधीही तयार होईल.

पालिका आत्ता काय करते ते लिहून काढा

ही पायरी लोक सोडतात आणि पुढं फसतात. तुमच्या गल्लीत झाडायला किती जण येतात, किती वाजता, घंटागाडी कितीदा येते, दिव्याचे खांब किती आणि चालू किती, गटार शेवटचं कधी काढलं. आधी मुकादमाला आणि आरोग्य निरीक्षकाला प्रेमानं विचारा, बरीच माहिती तिथंच मिळते. नाही मिळाली तर झोन ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे.

हे कशासाठी, तर बीआयडीचं काम पालिकेच्या कामाच्या वर असतं, त्याच्या जागी नाही. तुम्ही झाडायला दोन माणसं ठेवली आणि पालिकेनं तिचे दोघं दुसरीकडं पाठवले, तर तुम्ही पैसे भरून काय मिळवलं? काहीच नाही, उलट घरपट्टीत एकदा आणि मंडळाला एकदा असे दोनदा भरले. इंग्लंडमध्ये ह्यासाठी पालिका आधीच लिहून देते की आमची आत्ताची सेवा ही एवढी आहे. आपण पण करारात हे पानच पहिलं जोडायचं.

पहिलं काम एकच

मीटिंगमध्ये लोक मोठमोठं बोलतात. कमान बांधू, कारंजं लावू, सगळ्या पाट्या एकसारख्या करू. ह्यातलं काहीच पहिल्या वर्षी नको. पहिलं काम असं पाहिजे की ते तीन महिन्यात डोळ्याला दिसेल, रोज दिसेल, आणि त्याला कुणाच्या मोठ्या परवानगीची गरज नसेल.

माझ्या मते सोलापूरच्या कापडबाजारांसाठी दोन कामं चांगली, त्यातलं एक निवडा. एक, संध्याकाळची साफसफाई. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही, सगळा बाजार पाचनंतर भरतो, आणि झाडणं मात्र सकाळी होतं, म्हणजे गिऱ्हाईक येतं तेव्हा रस्ता दिवसभराच्या पिशव्या आणि पुठ्ठ्यांनी भरलेला असतो. साडेचार ते साडेआठ दोन माणसं फिरती ठेवली तरी गल्ली बदलून जाते.

दुसरं, बायकांचं बाथरूम. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून लग्नाचा बस्ता बांधायला आख्खं घर येतं, बायका चार-पाच तास दुकानांत असतात आणि त्यांना जायला जागा नसते, त्या पाणी पित नाहीत, उन्हात. हे आपल्याला इतक्या वर्षांत टोचायला पाहिजे होतं. ह्यात भागीदारी छान बसते: जागा, बांधकाम, ड्रेनेजचं कनेक्शन पालिकेचं, चालवणं मंडळाचं. सुलभ शौचालयांचा धडा १९७० पासनं समोर आहे, बांधून टाकलं की काम संपत नाही, तिथं दिवसभर माणूस बसवावा लागतो. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टाकी मोठी पाहिजे आणि टँकरचा खर्च पहिल्यापासनं हिशोबात धरा. माणूस म्हणजे बाईच ठेवा. ती जागा मिळायला वर्ष लागेल कदाचित, तोवर चार मोठ्या दुकानांनी आपली बाथरूम गिऱ्हाईक नसलेल्या बायकांना पण उघडी ठेवायची आणि मंडळानं त्या दुकानांच्या साफसफाईचा खर्च द्यायचा, एवढं तर लगेच होतं.

पार्किंगला पहिल्या वर्षी हात लावू नका. दोरी बांधून, ड्रम ठेवून जागा अडवायचा अधिकार दुकानदाराला नाही, पैसे घ्यायचा तर नाहीच. सम-विषम पार्किंग, नो-एंट्री, माल उतरवायची वेळ, हे पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडनं अधिसूचना काढून होतं. तुम्ही सूचना द्या, आकडे द्या, कुठल्या वेळी किती गाड्या लागतात ते मोजून द्या, त्याचा उपयोग होतो.

पैसे किती आणि कसे

दुकानामागं सारखी रक्कम ठेवली तर पानटपरीवाला आणि तीन शटरचा शोरूमवाला एकच देणार, ते बरोबर नाही. विक्रीवर ठेवली तर कुणी विक्री सांगणार नाही. रस्त्याकडच्या तोंडाची फुटं मोजा, टेपनं सगळ्यांसमोर, ह्यात लपवायला काही नसतं.

समजा १०० दुकानं, सरासरी १२ फूट, म्हणजे १२०० फूट. फुटाला महिना ३० रुपये ठेवले तर ३६,००० होतात. पण सगळे देणार नाहीत, दहातले सात देतील असं धरूनच चला, म्हणजे २५,२०० रुपये. खर्च ह्या २५,२०० वर बसवायचा, ३६,००० वर नाही. माणसं ठेवताना किमान वेतनाच्या खाली देऊ नका, आणि एजन्सीकडनं घेतली तर बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो हे विसरू नका. रात्रीचा वॉचमन एजन्सीचा असेल तर तिच्याकडं पसारा लायसन्स, म्हणजे खाजगी सुरक्षा एजन्सी चालवायचा सरकारी परवाना, आहे का बघा. दोन महिन्यांचा पगार बाजूला साठेपर्यंत दुसरं काम काढायचं नाही.

बँकांच्या शाखा आणि ब्रँडेड शोरूम ‘वरनं परवानगी पाहिजे’ म्हणतात, त्यांना तोंडी मागू नका, लेटरहेडवर पत्र, मागच्या वर्षीचं ऑडिट आणि पॅन द्या. आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. अध्यक्षाच्या स्वतःच्या नंबरचा एकदा जरी लावला तर पुढं कितीही खरा हिशोब दाखवा, लोक बोलतच राहतात.

रजिस्ट्रेशन

आधीच व्यापारी संघ रजिस्टर असेल तर नवीन काढू नका, घटनेत दुरुस्ती करा आणि बीआयडीचं खातं वेगळं ठेवा. नसेल तर किमान सात जण मिळून १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था करा, महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवावी लागते. खात्यावर दोघांच्या सह्या, दरवर्षी सीएकडनं ऑडिट. कार्यकारिणीत एकाच घरातले दोघं नकोत.

मतदान घ्या, हात वर करून नाही

कायद्यानं बंधन नसलं तरी मत घ्याच. चिठ्ठीवर, बंद पेटीत. चिठ्ठीबरोबर एकच कागद द्यायचा, त्यावर हद्द, काम, दर, मुदत आणि मंडळावर कोण, एवढंच. कागद मराठीत आणि शेजारी कन्नड, तेलुगू, उर्दूत पण छापा, आपल्या पेठेत हिशोबाची भाषा प्रत्येकाची वेगळी आहे आणि ज्या कागदावर सही करायची तो माणसाला स्वतःला वाचता आला पाहिजे.

मोजताना इंग्लंडसारखं दोनदा मोजा, एकदा दुकानांची संख्या आणि एकदा फुटं. माझं म्हणणं साध्या बहुमतावर सुरू करू नका, दोन्हीकडं ६५ टक्के तरी पाहिजेत, कारण आपल्याकडं वसुली मनावर आहे. कमी पडलं तर काम छोटं करून सहा महिन्यांनी परत विचारा. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या दुकानासमोर पण झाडायचंच, तिथं कचरा सोडून त्याला धडा शिकवायचा प्रकार करायचा नाही, आणि न देणाऱ्यांची नावं बोर्डावर लावायची नाहीत, देणाऱ्यांची लावा.

वेळ म्हणाल तर गड्ड्याची यात्रा उरकली की बसा, मार्चपर्यंत मतदान, १ एप्रिलपासनं काम, म्हणजे हिशोबाचं वर्ष सरळ पडतं. दिवाळीच्या तोंडावर कुणाला बोलवू नका, कुणी येणार नाही.

पालिकेबरोबरचा करार

इंद्रभुवनला, म्हणजे पालिकेत, जाताना हातात मागण्यांचं निवेदन घेऊन जाऊ नका, चार कागद न्या: हद्दीचा नकाशा, आत्ताच्या सेवेची यादी, मतदानाचा निकाल, वर्षाचं बजेट. मागतोय असं न वाटता आम्ही हे देतोय, तुम्ही हे चालू ठेवा, असं बोलता येतं. करारात एवढं तरी पाहिजे: पालिका आत्ताची सेवा कमी करणार नाही, तिच्याकडनं एक ठराविक अधिकारी संपर्काला, तीन महिन्यांनी एकत्र पाहणी, मुदत, आणि दोघांपैकी कुणालाही बाहेर पडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं. रस्ता, फुटपाथ, सार्वजनिक जागा ह्यांचा ताबा मंडळाकडं येत नाही हे पण स्पष्ट लिहा. ते वाक्य तुमच्याच भल्याचं आहे, उद्या कुणी कोर्टात गेलं तर. नगरसेवकांना पाहणीला बोलवा, पण पदसिद्ध अध्यक्ष करू नका.

रोजचं चालवणं

दर महिन्याच्या ५ तारखेला जमा-खर्चाचा एक कागद चौकातल्या बोर्डावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. किती आले, कुणाला किती दिले, किती शिल्लक, खाली दोन सह्या. कुणी विचारो न विचारो. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो ठरलेल्या पाच जागांवरनं, ठरलेल्या वेळी काढून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तिथंच उभं राहून परत काढा. तक्रारीला एक वही, तक्रारीवर काय केलं ते त्याच ओळीत लिहायचं.

मुदत संपली की

पहिल्यांदा ३ वर्षांचीच मुदत ठेवा. संपायच्या सहा महिने आधी परत यादी, परत फुटं, परत चिठ्ठी. मत विरोधात गेलं तर माणसांचे पगार चुकते करा, पालिकेला कळवा आणि काम थांबवा, ओढून ताणून चालवू नका. पुढं संस्थाच बंद करायची वेळ आली तर शिल्लक रक्कम सभासदांत वाटून घेता येत नाही, सोसायटी कायद्याप्रमाणं ती दुसऱ्या संस्थेकडं जाते, तेव्हा कुठल्या कामासाठी द्यायची हे पहिल्याच घटनेत लिहून ठेवा.